पोट साफ करण्याच्या नादात

डोकं दुखत असो, तोंड आलेलं असो, चेहऱ्यावर पुटकुळ्या उठलेल्या असोत की नुसतंच कशात मन लागत नसो, मराठी घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो : पोट साफ होतंय ना? वैद्य हे विचारतात, गल्लीतले डॉक्टर विचारतात आणि आजी तर विचारतेच. या प्रश्नामागे पिढ्यान्‌पिढ्यांचं निरीक्षण आहे आणि ते उडवून लावण्यासारखं मुळीच नाही. आपली भाषाच त्याला साक्ष देते. भीतीचा गोळा आपल्या पोटात येतो, दुसऱ्याची अवस्था पाहून पोटात कालवतं, लेकरासाठी आतडं तुटतं. मनातलं आतड्याला कळतं आणि आतड्यातलं मनाला, हे मराठी माणसाला कुणी शिकवावं लागलेलं नाही. पण त्याच प्रश्नातल्या एका शब्दानं आपल्याला आडवाटेला नेलं आहे. तो शब्द म्हणजे ‘साफ’. साफ म्हटलं की आत घाण आहे, ती साचली आहे, साचून विषारी झाली आहे आणि ते विष अंगात भिनतंय, हे सगळं न बोलता गृहीत धरलं जातं. मग चूर्णं येतात, रविवारचं एरंडेल येतं, अलीकडे ‘डीटॉक्स’ची पेयं आणि आतडी पाण्यानं धुऊन देणारी केंद्रं येतात. पोटाचा सगळ्या प्रकृतीशी संबंध आहे, हे खरंच. तो संबंध साचलेल्या विषाचा आहे, हे मात्र जवळजवळ पूर्ण चूक. या दोन गोष्टींची गाठ सोडवली नाही, तर दुखणं खरं आणि उपाय भलताच, असं होत राहतं.

विषाची ही कल्पना आपल्यापुरती नाही. १८८७ मध्ये शार्ल बुशार या फ्रेंच वैद्यानं तिला शास्त्रीय रूप दिलं. आतड्यात अन्न कुजतं, कुजताना विषारी द्रव्यं तयार होतात, ती रक्तात शिरतात आणि माणूस आतल्या आत स्वतःच्याच विषानं आजारी पडतो, अशी ती मांडणी होती. जिवाणूंमुळे रोग होतात हे नुकतंच सिद्ध होत असलेल्या त्या काळात ती लगेच पटली. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या एली मेचनिकॉफ यांना पांढऱ्या पेशींवरच्या कामासाठी १९०८ चं नोबेल मिळालं. त्यांनी तर म्हातारपणाचं मूळच मोठ्या आतड्यातल्या कुजवणाऱ्या जिवाणूंत शोधलं आणि आंबवलेलं दूध पिण्याचा सल्ला दिला. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधले नामांकित शल्यविशारद सर विल्यम आर्बथनॉट लेन आणखी पुढे गेले. विषाचा साठा मोठ्या आतड्यात असेल तर मोठं आतडंच काढून टाकावं, म्हणून जुनं बद्धकोष्ठ असलेल्यांचं आतडं ते कापून काढत. त्यात काही रोगी दगावले. हे सगळे भोंदू नव्हते, आपापल्या क्षेत्रातले पहिल्या रांगेतले लोक होते, आणि म्हणूनच हा इतिहास ध्यानात ठेवायला हवा. पटण्यासारख्या पण न तपासलेल्या कल्पनेची किंमत रोग्याला शरीरानं मोजावी लागते.

ही कल्पना तपासली ती वॉल्टर अल्वारेझ या अमेरिकन डॉक्टरांनी. १९१९ मधल्या त्यांच्या लेखातला युक्तिवाद आजही कुणालाही समजेल इतका सरळ आहे. बद्धकोष्ठानं डोकं जड झालेल्या माणसाला शौचाला झाल्यावर किती वेळात बरं वाटतं? काही मिनिटांत. विष खरोखर रक्तात भिनलेलं असतं तर इतक्या लवकर आराम पडला नसता. बाटली बाजूला ठेवली म्हणून चढलेली दारू त्या क्षणी उतरत नाही. मग हे जडपण येतं कुठून? अल्वारेझ यांचं म्हणणं असं, की गुदाशय ताणला गेला की तिथल्या नसांमार्फत ती अस्वस्थता साऱ्या शरीरात पोचते. त्यानंतर थोड्याच काळात निरोगी स्वयंसेवकांच्या गुदाशयात कापसाचे बोळे भरून पाहण्यात आलं. डोकेदुखी, मरगळ, चिडचिड, अन्नावरची वासना उडणं, ही नेहमीची लक्षणं त्यांनाही जाणवली आणि कापूस काढल्यावर ती गेली. कापसात विष नव्हतं. इथे चरकसंहितेची आठवण होते. तिच्या सूत्रस्थानातला सातवा अध्याय वेग अडवू नयेत याविषयीचा आहे. मलाचा वेग अडवला तर पोटात कळा, डोकेदुखी, पोटफुगी आणि पोटऱ्यांत गोळे येतात, असं तिथे नोंदवलं आहे. दोष दिला आहे तो वेग दाबून धरण्याला. हे निरीक्षण अल्वारेझ यांच्या निष्कर्षाच्या किती जवळ आहे!

यावर एक रास्त आक्षेप येऊ शकतो. आतड्यात हानिकारक द्रव्यं तयारच होत नाहीत का? होतात. जिवाणू प्रथिनांचं विघटन करतात तेव्हा अमोनिया तयार होतो, आणखीही काही नकोशी रसायनं होतात. पण आतड्यातून निघालेलं रक्त आधी यकृतात जातं आणि तिथे अमोनियाचं युरियात रूपांतर होतं. तो युरिया मूत्रपिंडं बाहेर टाकतात. ही व्यवस्था रात्रंदिवस चालू असते, तिला कुठल्या काढ्याची मदत लागत नाही. यकृतच निकामी झालं तर मात्र बुशार यांचं म्हणणं अक्षरशः खरं ठरतं. सिरॉसिसच्या रोग्याला बद्धकोष्ठ झालं तर अमोनिया मेंदूपर्यंत पोचतो. रोगी असंबद्ध बोलू लागतो, दिवसरात्रीचं भान सुटतं, शुद्धही हरपते. म्हणूनच अशा रोग्याला रोज दोन-तीनदा शौच होईल इतकं लॅक्ट्युलोज नावाचं रेचक डॉक्टर देतात, आणि ते चुकवून चालत नाही. मूत्रपिंडं निकामी झालेल्यांच्या शरीरातही आतड्यात तयार झालेली काही द्रव्यं साचतात. म्हणजे विष आहे, तसे पहारेकरीही आहेत. पहारेकरी शाबूत असताना दर आठवड्याला कोठा धुऊन काढण्याला आधार उरत नाही.

विष बाजूला ठेवलं तर संबंध कशाचा? पहिला मज्जातंतूंचा. १८९९ मध्ये लंडनमध्ये विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या आतड्याला बाहेरून येणाऱ्या सगळ्या नसा तोडल्या आणि आत गोळी सरकवून पाहिली. आतडं गोळीच्या मागे आवळत आणि पुढे सैल होत राहिलं, गोळी पुढे जात राहिली. आतड्याच्या भिंतीतच स्वतःचं मज्जाजाल आहे, हे त्यातून स्पष्ट झालं. त्यात दहा कोटींहून अधिक चेतापेशी आहेत. मेंदू आणि पोट यांना जोडणारी मोठी नस म्हणजे व्हेगस. तिच्यातले बहुसंख्य तंतू वरून खाली हुकूम नेत नाहीत, खालून वर वार्ता नेतात. आतडं ताणलंय का, सुजलंय का, काय खाल्लं, हे मेंदूला सतत कळत असतं. त्यातलं फारच थोडं आपल्याला जाणवतं आणि बाकीचं ‘आज बरं वाटत नाही’ अशा मोघम रूपात उरतं. हल्ली जिथेतिथे सांगितलं जातं की आनंदाचं रसायन सेरोटोनिन नव्वद टक्के आतड्यात तयार होतं, म्हणून पोट सांभाळा आणि आनंदी राहा. आकडा ठीक आहे, अनुमान चूक आहे. आतड्यातलं सेरोटोनिन मेंदूत शिरू शकत नाही, मेंदू स्वतःचं स्वतः बनवतो. आतड्यातल्या सेरोटोनिनचं मुख्य काम आतड्याची हालचाल आणि तिथल्या नसा चाळवणं हे आहे. खऱ्या गोष्टीसाठी खोटा पुरावा दिला की पुढे ती खरी गोष्टही संशयात सापडते, म्हणून एवढं स्पष्ट करायला हवं.

दुसरा संबंध जिवाणूंचा, आणि ‘साफ’ या शब्दाची खरी अडचण इथे कळते. २०१६ मध्ये इस्रायलच्या संशोधकांनी काळजीपूर्वक हिशेब केला तेव्हा सत्तर किलोच्या माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू निघाले. शरीराच्या स्वतःच्या पेशीही साधारण तेवढ्याच. (जिवाणू दसपट आहेत, हा पूर्वी सर्रास छापला जाणारा आकडा त्या हिशेबात टिकला नाही.) यातले बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात राहतात. मळाच्या कोरड्या भागातही त्यांचा वाटा मोठा असतो, म्हणून तर चार दिवस उपास केलेल्यालाही शौचाला होतं. भाकरीतला, डाळीतला, भाजीतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो या जिवाणूंचं अन्न. तो आंबवून ते काही साधी आम्लं तयार करतात. त्यातलं एक ब्युटिरिक आम्ल, ज्याचा वास जुन्या लोण्याला येतो, ते मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं मुख्य इंधन आहे. या पेशी रक्तातल्या साखरेपेक्षा जिवाणूंनी बनवलेल्या या आम्लावर अधिक जगतात. चोथा मिळाला नाही तर काय होतं, तेही पाहिलं गेलं आहे. २०१६ मध्येच प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदरांच्या आहारातून चोथा काढून टाकला, तेव्हा जिवाणूंनी आतड्याच्या भिंतीवरचा बुळबुळीत थर खायला सुरुवात केली. तो थर झिजला आणि रोगजंतूंना भिंतीपर्यंत जायला वाट मिळाली. आपण ज्याला ‘साफ’ समजतो ते रिकामं, धुतलेलं आतडं शरीराच्या दृष्टीनं उपाशी आतडं असतं.

पण यावरून ‘पोट बिघडलं की मन बिघडतं’ असं म्हणता येईल का? काळजी करणाऱ्याचं पोट बिघडतं, हे तर उलटंच झालं, असं कुणी म्हणेल. ऑस्ट्रेलियातल्या पेनरिथ शहराच्या रहिवाशांची बारा वर्षांच्या अंतरानं पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. सुरुवातीला ज्यांना चिंता जास्त होती, त्यांच्यात पुढे पोटाच्या तक्रारी अधिक निघाल्या. आणि सुरुवातीला ज्यांचं मन स्वस्थ होतं पण पोट बिघडलेलं होतं, त्यांच्यात बारा वर्षांनी चिंता आणि उदासी अधिक निघाली. वाट दोन्हीकडून वाहती आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत तर कारण आणि परिणाम वेगळे करता येतात. जपानमधल्या क्यूशू विद्यापीठात २००४ मध्ये जंतुविरहित वातावरणात वाढवलेले उंदीर कोंडून ठेवले, तेव्हा त्यांच्या रक्तात तणावाची संप्रेरकं नेहमीच्या उंदरांपेक्षा कितीतरी अधिक वाढली. लहानपणी जिवाणू दिले तर ही प्रतिक्रिया सुधारली, मोठेपणी दिले तर तितकी नाही. अर्थात उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि अशा प्रयोगांवरून नैराश्यावर दह्याची वाटी लिहून देणं बेजबाबदारपणाचं ठरेल. ज्याला नैराश्य आहे त्याला मनाच्याच डॉक्टरकडे जायला हवं.

कारण आणि खूण यांत गल्लत किती सहज होते, त्याचं एक उदाहरण हवाईमधलं आहे. तिथल्या जपानी वंशाच्या ६,७९० पुरुषांकडे संशोधकांनी वीसहून अधिक वर्षं लक्ष ठेवलं. ज्यांना रोज एकदाही शौचाला होत नव्हतं त्यांच्यात पार्किन्सनचं प्रमाण रोज एकदा होणाऱ्यांच्या जवळपास पावणेतीन पट निघालं. हे ऐकून बद्धकोष्ठानं पार्किन्सन होतो, असा समज होईल. पण आज बहुतेक तज्ज्ञांना वाटतं, की हात थरथरू लागण्याच्या कितीतरी वर्षं आधी या रोगानं आतड्याच्या नसांत प्रवेश केलेला असतो आणि बद्धकोष्ठ ही त्याची पहिली खूण असते. म्हणजे इथे पोट गुन्हेगार नाही, खबर देणारं आहे. जठराच्या व्रणांच्या बाबतीत उलटी चूक झाली. ‘टेन्शन घेऊ नका, तिखट खाऊ नका’ असं रोग्यांना वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. प्रत्यक्षात बहुतेक व्रणांचं कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू निघाला. तो शोधणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं आणि प्रतिजैविकांनी व्रण बरे होऊ लागले. सगळं पोटावर ढकलणं जसं चूक, तसं पोटाचं सगळं मनावर ढकलणंही.

माणसांत, आणि आपल्या अगदी शेजारी, कार्यकारणाचा सर्वात भक्कम पुरावा ढाक्यात मिळाला आहे. तिथल्या मीरपूर वस्तीतल्या कुपोषित बालकांच्या आतड्यातले जिवाणू त्यांच्या वयाच्या मानानं ‘कोवळे’ असतात, वयानुसार जी वस्ती तयार व्हायला हवी ती झालेलीच नसते, असं अमेरिकेतले जेफ्री गॉर्डन आणि ढाक्यातले तहमीद अहमद यांच्या गटांना आढळलं. मग त्यांनी त्या वस्तीला वाढवणारा आहार शोधला : हरभऱ्याचं पीठ, शेंगदाण्याचं पीठ, सोयाबीन आणि कच्चं केळं. २०२१ मध्ये निकाल आले. नेहमीच्या पूरक आहाराहून कमी उष्मांक असूनही या आहारावरच्या मुलांची वाढ जास्त वेगानं झाली. उष्मांक कमी, वाढ जास्त. पोषण म्हणजे फक्त किती खाल्लं हे नसून आतड्यातल्या वस्तीला काय मिळालं हेही आहे, हे यातून दिसतं. यातला एकही पदार्थ महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावच्या बाजारात अनोळखी नाही.

जिवाणूच महत्त्वाचे असतील तर ते बाटलीतून, कॅप्सूलमधून घ्यावेत, हा पुढचा साहजिक विचार, आणि बाजारानं तो आधीच हेरला आहे. पुरावा मात्र थंड आहे. इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये २०१८ साली प्रतिजैविकं घेतलेल्या लोकांना प्रोबायोटिक दिलं, तेव्हा त्यांच्या मूळच्या जिवाणूंची वस्ती पूर्ववत व्हायला काहीच न घेतलेल्यांपेक्षा जास्त वेळ लागला. अमेरिकन पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२० मध्ये बहुतेक पचनविकारांसाठी प्रोबायोटिकची शिफारस करायला नकार दिला. दुसऱ्या बाजूला, क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूमुळे पुन्हापुन्हा होणाऱ्या जीवघेण्या जुलाबांवर निरोगी माणसाच्या मळातली पूर्ण वस्ती रोग्याच्या आतड्यात सोडण्याचा उपाय ॲम्स्टरडॅममध्ये तपासला गेला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत १६ पैकी १५ रोगी बरे झाले. एखाद-दोन जातींचे पाहुणे पाठवणं आणि अख्खं गाव वसवणं यांत इतका फरक पडतो. घरच्या आंबवलेल्या पदार्थांचं काय? स्टॅनफर्डमध्ये २०२१ साली दहा आठवडे दही आणि तत्सम पदार्थ भरपूर खाणाऱ्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातल्या सुजेच्या काही खुणा उतरल्या. संख्या लहान होती, पण ताकाच्या पेल्याच्या बाजूनं बोलायला एवढा आधार बरा आहे. इडली-आंबोळीतले जिवाणू वाफेवर, तव्यावर मरतात, हे लक्षात ठेवावं. ताकात ते जिवंत असतात.

खरा प्रश्न ताटातल्या चोथ्याचा आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला किमान २५ ग्रॅम चोथा हवा असं सांगते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांत शंभर ग्रॅम ज्वारीत दहा ग्रॅमच्या आसपास चोथा आहे, बाजरी-नाचणीत त्याहून थोडा अधिक, गव्हाच्या कणकेत अकरा ग्रॅम, आणि पॉलिश केलेल्या तांदळात व मैद्यात तीन ग्रॅमहूनही कमी. दोन भाकऱ्या, वाटीभर उसळ आणि पालेभाजी खाणारा शेतमजूर न मोजता जिथे पोचत होता, तिथे सकाळी बिस्किटं, दुपारी पांढरा भात आणि संध्याकाळी पाव खाणारा माणूस पोचत नाही. देशाच्या राष्ट्रीय नमुना पाहण्यांत ज्वारी-बाजरीचा खप दशकानुदशकं घटत आला आहे. ज्वारी मागे पडली ती चवीमुळे नव्हे. रेशनवर स्वस्त गहू-तांदूळ आले, पिकाची गणितं बदलली, आणि रोज भाकरी थापायला लागणारा वेळ घरातल्या बाईकडे उरला नाही. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये १८५ दीर्घकालीन पाहण्या आणि ५८ चाचण्या एकत्र तपासल्या. भरपूर चोथा खाणाऱ्यांत हृदयविकार, मधुमेह, मोठ्या आतड्याचा कर्करोग यांचं आणि एकूण मृत्यूंचंही प्रमाण १५ ते ३० टक्क्यांनी कमी होतं. चोथा खाणारे लोक एरवीही जपून राहतात, त्याचा हा परिणाम असेल, ही शंका योग्यच आहे. म्हणूनच त्या ५८ चाचण्या मोलाच्या : आहार मुद्दाम बदलून पाहिला तेव्हाही वजन, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल उतरलं.

तरी चोथा सगळ्यांना सारखा मानवतो असं नाही. ज्यांचं आतडं हळवं आहे, ज्याला डॉक्टर आयबीएस म्हणतात, त्यांना कांदा, लसूण, हरभरा, राजमा यांनी पोट फुगून जीव नकोसा होतो. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठानं अशांसाठी काही पदार्थ तात्पुरते बंद करून एकेक परत आणण्याची पद्धत घडवली आहे. ती आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करावी, कारण बंद केलेले पदार्थ कायमचे बंद ठेवण्याची चूक फार होते. बाकीच्यांनीही मैद्यावरून एकदम मोडाच्या कडधान्यांवर उडी मारू नये. जिवाणूंची वस्ती बदलायला काही आठवडे लागतात, तेवढा अवधी द्यावा आणि पाणी वाढवावं.

आहारावर इतकं बोललं जातं, पण वेळेवर आणि जागेवर कुणी बोलत नाही. जेवण पोटात पडलं की मोठ्या आतड्याला हालचालीचा इशारा मिळतो, आणि सकाळच्या न्याहारीनंतर तो सर्वांत जोरदार असतो. नेमक्या त्याच वेळी बदलापूरहून, विरारहून माणसं लोकल पकडायला धावत असतात. कळ दाबली की गुदाशय सैलावून जागा करून देतो, मळातलं पाणी शोषलं जातं, तो घट्ट होतो आणि पुढची कळ क्षीण येते. असं महिनोन्‌महिने झालं की कळ येणंच मंदावतं. घरातली बाई सगळ्यांचे डबे भरून होईपर्यंत थांबते. शाळेतल्या मुली कडी तुटलेल्या, पाणी नसलेल्या संडासात जायला नको म्हणून दिवसभर पाणी पीत नाहीत. ऊसतोडीच्या फडावरच्या बायकांना पहाटेच्या किंवा रात्रीच्या अंधाराची वाट पाहावी लागते. यांना ‘नियमित सवय लावा’ असं सांगणं अन्यायाचं आहे. त्यांच्या बद्धकोष्ठावरचं औषध दुकानात मिळत नाही. ते ग्रामपंचायतीच्या, शाळेच्या, कारखान्याच्या आणि रेल्वेच्या अंदाजपत्रकात असायला हवं, आणि ते तिथे मागितलं पाहिजे. बसण्याच्या पद्धतीचाही परिणाम होतो. इस्रायलमधल्या २८ जणांच्या एका छोट्या पाहणीत उकिडवं बसून सरासरी ५१ सेकंद लागले, कमोडवर १३०. उकिडवं बसल्यावर गुदाशयाला वाक देणारा स्नायू सैल पडतो. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या माणसांनी कमोडच वापरावा, पायांखाली छोटा पाट घेतला की बराचसा फायदा मिळतो.

मग एरंडेल, सोनामुखी, त्रिफळा, इसबगोल हे सगळं टाकाऊ का? मुळीच नाही. इसबगोलाचा भुसा पाणी धरून मळ मऊ करतो, भरपूर पाण्यासोबत घेतला तर तो फार सुरक्षित आहे. सोनामुखीनं आतडं कायमचं लाचार होतं, ही भीतीही पुराव्यापेक्षा मोठी करून सांगितली गेली आहे. गरज असेल तर ती घ्यावी. आक्षेप आहे तो ‘साफ’ करण्यासाठी रेचक घेण्याला. जोरदार रेचकानं कोठा पूर्ण रिकामा होतो, मग पुन्हा भरायला दोन दिवस लागतात. त्या दोन दिवसांत शौचाला न होणं स्वाभाविक असतं, पण माणूस घाबरतो, पुन्हा चूर्ण घेतो, आणि हे चक्र वर्षानुवर्षं चालू राहतं. आतडी पाण्यानं धुण्याच्या ‘कोलन थेरपी’ला तर निरोगी माणसाच्या बाबतीत फायद्याचा पुरावा नाही. क्षारांचं संतुलन बिघडणं आणि आतड्याला छिद्र पडणं हे धोके मात्र नोंदलेले आहेत.

शेवटी त्या ‘साफ’चा अर्थ रोग्याच्याच तोंडून नीट ऐकायला हवा. आठवड्यातून तीनदा ते दिवसातून तीनदा, ही पाश्चात्त्य पुस्तकांतली निरोगी सीमा. आपल्याकडे बहुतेकांना रोज एकदा किंवा जास्त वेळा होतं, आणि तरीही अनेक जण म्हणतात, ‘जातो रोज, पण समाधान होत नाही.’ भारतीय पोटविकारतज्ज्ञांनी ही तक्रार खरं बद्धकोष्ठ म्हणून मान्य केली आहे, निव्वळ आकडा मोजून ती सुटत नाही. यातल्या काही जणांचे स्नायू कुंथताना सैल होण्याऐवजी आवळले जातात. त्यांना कितीही चूर्ण दिलं तरी उपयोग नाही, पण यंत्राच्या मदतीनं ते स्नायू सैल करायला शिकवता येतं आणि त्यानं बऱ्याच जणांना आराम पडतो. काहींच्या बाबतीत मूळ कारण थायरॉइड असतं, मधुमेह असतो, रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या असतात. आणि काही वेळा मोठ्या आतड्याचा कर्करोग असतो. शौचातून रक्त दिसलं की मूळव्याध समजून महिनोन्‌महिने घरगुती उपाय करणारे लोक आपल्याकडे फार आहेत. रक्त, काळा मळ, कारण नसताना घटलेलं वजन, पंचेचाळिशीनंतर अचानक बदललेली सवय, यांतलं काहीही असेल तर तपासणीला जायलाच हवं, आणि जायचं तर बोलायला हवं. तिथेच जीभ अडते. घरी सांगायला लाज, डॉक्टरांना सांगायला लाज, त्यांनी विचारलं तर ‘हो, साफ होतं’ असं म्हणून मोकळं व्हायचं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या डॉक्टरांनी मळाच्या सात प्रकारांची चित्रं केली. सुट्या कडक खड्यांपासून निव्वळ पाण्यापर्यंतचे सात प्रकार एका कागदावर. ती चित्रं आज जगभरच्या दवाखान्यांत वापरली जातात. आपल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या तपासणीच्या खोलीत ती लावायला खर्च जवळजवळ काहीच येणार नाही. ज्या बाईला पुरुष डॉक्टरसमोर तोंड उघडायचा संकोच वाटतो, तिला त्यावर नुसतं बोट ठेवता येईल.